वहिनी, सही तेवढी करा

सरपंचपदाचं आरक्षण ‘सर्वसाधारण महिला’ निघालं, त्या दिवशी दादांचा चेहरा आम्ही बघितलाय. सहा महिने माणसानं जेवणावळी घातल्या होत्या, भजनी मंडळाला पखवाज घेऊन दिला होता. पण दादा डगमगले नाहीत. एका रात्रीत कागदपत्रं गोळा केली आणि तुमचा अर्ज भरला. तेव्हा वहिनी, तुम्ही सरपंच झाल्याबद्दल दादांचं मनापासून अभिनंदन!

आता तुमच्यासाठी चार हिताच्या गोष्टी. बॅनरवर तुमचा आधारकार्डावरचा फोटो चालेल, दादांचा मात्र गॉगलवाला, मोठा. खाली ‘सरपंचपती’. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात हे पद सापडत नाही. पण पंचायत समितीत शिपायापासून सगळे ते ओळखतात. फलकावर नाव तुमचं, मोबाइल नंबर दादांचा. मधल्या खुर्चीत दादा बसतील. तुम्ही झेंडावंदनाला या.

ग्रामसभेत कुणी नळाच्या पाण्याचं विचारलंच, तर ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणा. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सुटतं, व्हॉल्व्ह कोण फिरवतं, कुणाची मोटार थेट लाइनीला लावलीय, हे तुम्हाला पाठ आहे. वीस वर्षं हंडे तुम्हीच वाहिलेत. पण पाणी भरणं वेगळं आणि पाणीपुरवठ्यातलं कळणं वेगळं. त्याला पुरुष लागतो. आणि आवाज चढवू नका. दादांनी चढवला तर माणूस खमक्या. तुम्ही चढवलात, तर ही बाई घरी कशी नांदत असेल, याची पारावर चर्चा.

घटनेनं १९९३ पासून बायकांना एकतृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. निम्म्या! एवढ्या बायका आणायच्या कुठून? प्रश्न अवघड होता, पण आमच्या दादालोकांनी तो घरातल्या घरात सोडवला.

सहीचंही टेन्शन नको. आता डिजिटल सही आलीय. ती पेनड्राइव्हसारखी वस्तू दादांच्या खिशात राहील. उद्या चौकशी लागली, तर पदावरून काढायची, कलम ३९ची नोटीस मात्र तुमच्याच नावानं येईल. शेवटी पदाचा मान तुमचा!

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं कुणी सांगायला लागलं, तर ऐकू नका. तिथल्या सरपंचबाईंना, सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहता म्हणून पदावरून काढलं. त्या म्हणत होत्या, आम्ही भाड्याच्या घरात वेगळे राहतो. हायकोर्टातही जमलं नाही, तरी बाई थेट सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २०२४मध्ये पद परत घेऊन आल्या. एवढ्या लांब जायचं, तेही घरची कामं सोडून!

बरं, ही बोअरची फाइल. इथं सही, इथं, आणि मागं एक. वाचत काय बसलात? चहा निवतोय... दोन मोटारी? कुठं दोन? बोअर एकच आहे, हो, पण... अहो वहिनी, फाइल ठेवा खाली. भाऊसाहेब, दादांना फोन लावा. लगेच लावा!