नवरदेवाचे मामाजी आणि पिवळा पट्टा

2025च्या एप्रिलात बेलोऱ्याला मुंबईचं विमान उतरलं आणि अख्खा अमरावती जिल्हा हरखला. मीही हरखलो. मग माझ्या ड्रोनसाठी सरकारी नकाशा उघडून पाहिला.

चालू विमानतळाच्या कुंपणापासून 5 ते 8 किलोमीटरचा पट्टा पिवळा. तिथे ड्रोन वीतभर उचलायचा तरी हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. 8 ते 12 किलोमीटर हिरवा, पण 200 फुटांपर्यंतच. आणि ती 8 किलोमीटरची रेघ नेमकी आमच्या नाल्यावरून जाते. घर पिवळ्यात, वावर हिरव्यात. म्हैस कोणत्या रंगात हरवेल याचा नेम नाही.

हो, म्हैस. ड्रोन आल्यापासून गावात हरवलेलं सगळं मीच शोधायचं, असं परस्पर ठरलं आहे. कोणाला शेजाऱ्याची संत्री मोजायची असतात, कोणाला धुऱ्याचं भांडण वरून पाहायचं असतं. "उडव ना बे, तुले काय चालत जा लागते?" हुकूम सोडायला सगळं गाव. 2021च्या ड्रोन नियमांतला लाखापर्यंतचा दंड मात्र रिमोट धरणाऱ्याला. ड्रोनवरचा सरकारी नंबर माझ्या नावचा, विमा मी काढलेला.

अशात नवरदेवाचे मामाजी आले. वरात वरून पाहिजे, देवळापासून मांडवापर्यंत. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी नकाशा ताणला, स्वतःचं घर शोधलं, खूश झाले.

"पिवळंच तं हाये! हळदीचा रंग. शुभ असते."

"मामाजी, परवानगी लागते."

"नाल्यापल्याड?"

"तिथं नाही लागत. 200 फुटांच्या आत."

"मंग वरात नाल्यापल्याडून आणू."

माणूस खरोखर वरात फिरवायला तयार झाला! डीजेची गाडी पऱ्हाट्यांच्या धसकटांतून कशी जाणार, हा प्रश्न त्यांनी डीजेवाल्यावर सोडला. मी शेवटचं हत्यार काढलं. अडीचशे ग्रॅमच्या वरचा आणि दोन किलोच्या आतला ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही; पण पैसे घेऊन उडवला की धंदा झाला, मग ते लागतं. माझ्याकडे ते नाही. तुम्ही पैसे देणार, म्हणजे मला जमणार नाही.

मामाजी गप्प झाले. पानाची पिंक टाकून आले. चेहऱ्यावर तेज.

"म्हंजे तुले पैसे देणं गुन्हा हाये?"

"तसंच काहीसं."

"मंग नाहीच देत! कायद्याच्या भाहेर कायले जा लागते आपल्याले?"

सरकारचा एखादा नियम कोणाला इतका मनापासून पटलेला मी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना तो पाठ झाला, आणि पुढच्या तीन लग्नांचे मामाजी पत्रिका घेऊन दारात.

वरात वावरातून निघाली. मी 150 फुटांवरून ती टिपली, दृष्टीआड होऊ न देता. जेवणाच्या पंगतीत मामाजींनी खांद्यावर हात ठेवून आठवण केली, "आहेराची वही तिकडं हाये बरं, टेबलावर."

101 रुपये लिहून आलो.