ते पाणी परत जमिनीतच जायला हवं

‘भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारी वीजकेंद्रं वाढवली तर पृथ्वीचा गाभा थंड पडेल, गरम पाण्याचे झरे आटतील, कोयनेसारखे भूकंप होतील. वर हे लोक वापरलेलं विषारी पाणी परत जमिनीत ओततात. हे ओतणं ताबडतोब थांबवा!’ न्यूझीलंडच्या वैराकेई केंद्राचा फोटो लावलेला हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण काल कोथरूडहून आत्याचा फोन आला, “अगं, आपलं उन्हवऱ्याचं कुंड आटणार का गं?” तिचं माहेर दापोलीकडचं. ती खरोखर घाबरली होती, म्हणून लिहितेय.

गाभ्याचं आधी उरकते. पृथ्वीच्या पोटातून आपोआप बाहेर पडणारी उष्णता सुमारे साडेचार कोटी मेगावॉट भरते. जगातली अशी सगळी वीजकेंद्रं मिळून सोळा-सतरा हजार मेगावॉट. त्यांच्या विहिरी साधारण दोन-तीन किलोमीटर खोल आणि गाभा सुरू होतो २,९०० किलोमीटरवर. विषय संपला.

खरा राग येतो तो ‘विषारी पाणी ओततात’ याचा. वैराकेई १९५८ साली सुरू झालं. तिथल्या विहिरीतून वाफ आणि उकळतं पाणी एकत्र येतं. वाफ वेगळी काढून टर्बाइनला देतात. उरलेलं पाणी कित्येक वर्षं सरळ वायकाटो नदीत सोडलं जात होतं आणि त्यात आर्सेनिक असतं. म्हणजे ते जमिनीत परत गेलं नाही, तेव्हा नदीत गेलं! खालचा दाब उतरला, जवळची गरम कारंजी बंद पडली, एका जागी जमीन सुमारे १५ मीटर खचली. हे सगळं पाणी परत न सोडल्यामुळे झालं. आणि मेसेज नेमकं तेच करा म्हणतो.

वीजकेंद्रं वाढवायची म्हणजे दर वेळी नव्या विहिरी, असंही नाही. २००५ मध्ये वैराकेईत एक जोड यंत्रणा बसवली. वाफ काढून उरलेल्या गरम पाण्यावर कमी तापमानाला उकळणारा द्रव तापवायचा आणि त्याच्या वाफेवर आणखी सुमारे १४ मेगावॉट वीज करायची. पाणी तेच, वीज जास्त. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ या अशाच वीजकेंद्रांच्या परिसरात १९८०च्या दशकात इतका उपसा झाला की वाफ घटत गेली. मग १९९७ पासून आसपासच्या गावांचं आणि २००३ पासून सांता रोझा शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी नळाने आणून खोल खडकात सोडायला लागले, तेव्हा घसरण आवरली. मुळा-मुठेकाठी राहणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

झऱ्यांबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, मान्य. न्यूझीलंडच्याच रोटोरुआत घरोघरच्या बोअरनी कारंजी मंदावली होती. १९८०च्या दशकात सरकारने पोहुटू कारंज्याभोवतीच्या दीड किलोमीटरमधले बोअर बंद केले आणि कारंजी सावरली. उन्हवऱ्याला मात्र असं वीजकेंद्रच नाही, महाराष्ट्रात कुठेच नाही. आत्याला तेवढं सांगितलं.

राहिला भूकंप. १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी लावतात, त्यात भूऔष्णिक काही नव्हतं. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ साली बसलेला धक्का मात्र अशाच प्रकल्पामुळे बसला, असं तिथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनीच २०१९ मध्ये सांगितलं. तिथे कठीण खडक फोडायला जबर दाबाने पाणी घुसवलं होतं. वैराकेईचा खडक मुळातच भेगाळलेला आहे, तिथे तशी फोडाफोडी लागत नाही. उद्या कोकणात कुणी असा प्रकल्प मांडलाच, तर पाणी किती दाबाने सोडणार आणि कंपनं कोण मोजणार, हे पहिल्याच जनसुनावणीत विचारा.