१४२८५७: चमत्कार कसला, साधा भागाकार!

१४२८५७ ला २ ते ६ ने गुणलं की तेच अंक गोल फिरून येतात, याला या संख्येवरच्या एका लेखात ‘गूढ’ म्हटलंय. अहो, गूढ कसलं! १ ला ७ ने भागा, उत्तर ०.१४२८५७१४२८५७… असं येत राहतं, आणि बाकी क्रमाने १, ३, २, ६, ४, ५ उरते आणि पुन्हा १. चक्र तेच, फक्त सुरुवात बदलते. आणि सहा अंकांनंतर १०००००० मधून बाकी १ च उरते, म्हणून ७ ने गुणलं की थेट ९९९९९९.

खरी गंमत मात्र लेखात राहूनच गेली. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ + १२२४४९ करा, परत १४२८५७! (मी वीजबिलाच्या पाठीमागे दोनदा ताळा केला, पहिल्यांदा हातचा चुकला होता.) अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आपल्या देवळालीच्या गणिती द. रा. कापरेकर मास्तरांच्या नावाने. त्यांचा साधा उल्लेखही नसावा?