टॉर्क मोड म्हणजे जोर वाढवायचं बटण नव्हे

मेंटेनन्सवाल्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय: "मशीन लोड घेत नसेल तर ड्राइव्ह स्पीड मोडवरून टॉर्क मोडवर टाका, जोर वाढतो. एक डिजिटल इनपुट जोडा, चालू मशीनवरच बदला. कुठल्याही ड्राइव्हवर चालतं." मलाच तो तीन जणांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय. ड्राइव्ह म्हणजे मोटरला वीज पुरवून तिचा वेग आणि टॉर्क (फिरवायचा जोर) सांभाळणारं उपकरण. स्पीड मोडमध्ये त्याला वेग सांगायचा, टॉर्क मोडमध्ये टॉर्क. डिजिटल इनपुट म्हणजे त्याला बाहेरून चालू-बंद सिग्नल द्यायची जागा.

जोर वाढत नाही. व्हेक्टर ड्राइव्ह (करंटवरून मोटरचा टॉर्क सांभाळणारा) स्पीड मोडमध्येही शेवटी टॉर्कच देतो. हवा तो वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतला फरक बघून स्पीड लूप, म्हणजे ड्राइव्हमधला वेग सांभाळणारा भाग, आतल्या लूपकडे टॉर्क मागतो. टॉर्क मोडमध्ये हा मधला माणूस बाजूला होतो आणि आकडा थेट पीएलसीकडून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडून येतो. मोटर तीच, करंट लिमिट तीच. 7.5 किलोवॅट, 1440 आरपीएमच्या मोटरचा रेटेड टॉर्क साधारण 50 न्यूटन-मीटर असतो, मोड बदलल्याने त्याचा 60 होत नाही. मशीन लोड घेत नसेल तर आधी टॉर्क लिमिट, मोटर डेटा आणि ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हने मोटर स्वतः मोजून घेणं) बघा. बेअरिंगही बघा.

फॉरवर्डमध्ये जे लिहिलेलंच नाही ते जास्त धोक्याचं आहे. टॉर्क मोडमध्ये वेग तुमच्या हातात राहत नाही, तो लोड ठरवतो. प्लास्टिक फिल्मचा रिवाइंडर, म्हणजे फिल्म रोलवर गुंडाळणारं मशीन घ्या. टेन्शन (फिल्मवरचा ताण) 150 न्यूटन, लाइन 150 मीटर प्रति मिनिट. 76 मिलिमीटरच्या रिकाम्या कोअरला (फिल्म जिच्यावर गुंडाळतात त्या नळीला) 5.7 न्यूटन-मीटर पुरतात आणि तो 630 आरपीएमच्या आसपास फिरतो. रोल 600 मिलिमीटरचा झाला की टॉर्क लागतो 45 आणि वेग उतरतो 80 वर. इथे टॉर्क मोड शोभतो, कारण फिल्मच वेगाला धरून ठेवते. ती तुटली की धरणारं कोणी नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रोल नुकताच सुरू झालेला, फिरणारं वजन जवळजवळ नाहीच. फिल्म तुटली आणि कोअरचा आवाज शिट्टीसारखा चढला. सुटलेलं टोक गार्डवर फटाफट आपटत होतं. ड्राइव्ह ओव्हरस्पीडवर ट्रिप झाला, पण तोवर ऑपरेटर चार पावलं मागे सरकला होता. टॉर्क मोडसाठी वेगळी स्पीड लिमिट कोणी टाकलीच नव्हती.

"चालू मशीनवरच बदला" हे अर्धं खरं. सोय कंपन्यांनीच दिलेली आहे: सीमेन्सच्या जी120 ड्राइव्हमध्ये पी1501 हे पॅरामीटर, यास्कावाच्या ए1000 मध्ये इनपुटला 71 नंबरचं फंक्शन. प्रश्न त्या एका क्षणाचा आहे. टॉर्क मोडमधून स्पीडवर येताना स्पीड लूपचा इंटिग्रेटर (वेगातली चूक साठवत टॉर्कची मागणी वाढवणारा भाग) शून्यावर असेल तर टॉर्क एकदम पडतो, फिल्म सैल होते. तो लिमिटला जाऊन बसलेला असेल तर झटका बसतो आणि फिल्म फाटते. म्हणून बदलताना इंटिग्रेटरमध्ये त्या वेळचा टॉर्क भरायचा आणि रॅम्प (वेगाचा हळूहळू होणारा बदल) त्या वेळच्या वेगापासून सुरू करायचा. काही ड्राइव्ह हे स्वतः करतात, पण मॅन्युअल वाचून खात्री करून घ्या. स्पीडवरून टॉर्क मोडमध्ये जाताना हीच काळजी पीएलसीला घ्यावी लागते, नाहीतर सकाळच्या जॉबचा शिळा टॉर्क रेफरन्स (मागितलेला आकडा) दुपारच्या पातळ फिल्मवर येऊन बसतो.

"कुठल्याही ड्राइव्हवर"? व्ही/एफवर, म्हणजे फक्त व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं प्रमाण राखून चालणाऱ्या ड्राइव्हला टॉर्क कंट्रोल नसतोच. आणि एन्कोडर (मोटरचा वेग मोजणारा सेन्सर) नसेल तर अगदी कमी वेगाला टॉर्कचा अंदाज चुकतो.

त्या रिवाइंडरवर आम्ही शेवटी मोड बदलणंच काढून टाकलं. ड्राइव्ह कायम स्पीड मोडमध्ये. रोलच्या व्यासावरून निघणाऱ्या वेगापेक्षा 10 टक्के जास्त रेफरन्स द्यायचा आणि टॉर्क लिमिट म्हणून टेन्शनसाठी लागणारा टॉर्क द्यायचा. फिल्म लागलेली असते तोवर स्पीड लूपला तो जास्तीचा वेग मिळतच नाही, म्हणून तो लिमिटला टेकून राहतो आणि मोटर टॉर्क मोडसारखीच वागते. फिल्म तुटली की कोअरचा वेग थोडा वर चढतो आणि तिथेच अडतो. ऑपरेटर आता मागे सरकत नाही, चहाचा ग्लास ठेवून टेप शोधायला जातो.