भास्कराचार्यांनी काय म्हटलं आणि काय नाही

एक संदेश मोबाईलवर सतत फिरत असतो: भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगितलं आणि अनंताचाही शोध लावला. भास्कराचार्यांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

पृथ्वीचा दावा लगेच निकालात निघतो. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात स्पष्ट लिहिलंय, ‘मरुच्चलो भूरचला स्वभावतः’. वारा स्वभावानेच चंचल, पृथ्वी स्वभावानेच अचल. त्यांचं ग्रहगणितही पृथ्वी स्थिर धरूनच चालतं.

गुरुत्वाकर्षणाबद्दल अर्धं खरं आहे. ‘आकृष्टिशक्तिश्च मही’ हा श्लोक त्यांचाच. पृथ्वी जड वस्तूला स्वतःकडे ओढते, म्हणून ती पडताना दिसते; मग चहूकडे आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः पडणार तरी कुठे? काय देखणा युक्तिवाद आहे! पण प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि तीच चंद्राला कक्षेत ठेवते, हे न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं. श्लोकात यातलं काही नाही.

राहिला अनंत. त्याचा शोध कुणा एकाच्या नावावर मांडताच येत नाही. जैन ग्रंथांतली संख्येय, असंख्येय, अनंत ही वर्गवारी भास्कराचार्यांच्या कितीतरी आधीची. ॲरिस्टॉटलने अनंताची चिकित्सा केली ती इसवी सनापूर्वी. भास्कराचार्यांचं योगदान नेमकं आहे. ‘बीजगणिता’त ३ भागिले ० अशा राशीला ते ‘खहर’ म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी भूतगण, म्हणजे सगळे जीव, आत शिरले, बाहेर पडले तरी अनंत अच्युत जसा बदलत नाही, तशी. त्यांच्या आधीचे गणिती ब्रह्मगुप्त यांनी ६२८ मध्ये शून्याला शून्याने भागून शून्य धरलं होतं. अशा राशीचं वागणं इतक्या स्वच्छपणे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

अडचण पुढे येते. शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागलं तर मूळ संख्या तशीच राहते, असं धरून ‘लीलावती’त एक उदाहरण सोडवलंय. हा नियम सरसकट लावला, तर ३ गुणिले ० आणि ५ गुणिले ० सारखेच असल्याने ३ आणि ५ समान ठरतील. म्हणून नेहमीच्या अंकगणितात आज शून्याने भागाकार करतच नाहीत. आणि सगळे अनंत एकाच आकाराचे नसतात हे गणिती कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केलं.

संदेशात यायला हवी होती ती त्यांची ‘तात्कालिकी गती’. ग्रहाचा वेग क्षणोक्षणी बदलतो हे ओळखून त्या क्षणाचा वेग त्यांनी ज्येच्या (आजच्या साइनच्या) वाढीवरून काढला, आणि ग्रहाच्या मध्यम (सरासरी गतीने येणाऱ्या) व स्पष्ट (खऱ्या) स्थानांतला फरक जिथे सर्वाधिक, तिथे वेगाची दुरुस्ती शून्य होते हेही टिपलं. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) इतक्या जवळ त्या काळात फार थोडे पोहोचले होते.