मेंदूची शस्त्रक्रिया? पपायरसात तर ‘तेलकट लेप लावा’ म्हटलंय

‘इजिप्तच्या वैद्यांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेंदूची शस्त्रक्रिया केली, कॅन्सर बरा केला, गव्हावरून मुलगा-मुलगी ओळखली, आणि पाश्चात्त्यांनी हे ज्ञान म्युझियमच्या तळघरात दडवलं.’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय.

आधी ते ‘दडवलं’ बघू. हे ज्ञान पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर, लिहिलेलं आहे. एबर्स पपायरसची छायाचित्रं लायपझिग विद्यापीठाने नेटवर खुली ठेवली आहेत. काहुनच्या स्त्रीरोगांवरच्या पपायरसाचा इंग्रजी अनुवाद युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या साइटवर आहे. एडविन स्मिथ पपायरस अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने अनुवादासकट टाकलाय. सगळं फुकट. असलं तळघर सगळ्यांना मिळो!

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा दावा याच एडविन स्मिथ पपायरसावर उभा आहे. त्यात ४८ रुग्णप्रकार आहेत, बहुतेक जखमा आणि मोडलेली हाडं. सुरुवात डोक्यापासून. सहाव्या प्रकारात कवटी फुटून मेंदू उघडा पडलाय. वैद्याने बोट लावलं तर तान्ह्या बाळाची टाळू उडते तशी धडधड लागते, असं लिहिलंय. मेंदूच्या वळ्यांना वितळलेल्या तांब्यावरच्या सुरकुत्यांची उपमा दिली आहे. बघण्यात कसूर नाही. पण निदान काय? ‘यावर उपचार करू नये.’ जखमेला तेलकट लेप लावायचा, पट्टी बांधायची नाही. मेंदूवर शस्त्र चालवल्याचं कुठेही नाही. मला तर ‘हे आमच्या हाताबाहेरचं’ असं लिहून ठेवणारा हा वैद्य फॉरवर्डमधल्या चमत्कारी बाबापेक्षा मोठा वाटतो. (तरी त्याला निखळ विज्ञानवादी ठरवू नका, त्याच गुंडाळीच्या मागच्या बाजूला साथीवरचे मंत्र आहेत.)

कॅन्सरचं तर उलटंच. पंचेचाळिसाव्या प्रकारात छातीवरच्या गाठींचं वर्णन आहे: हाताला थंड, ताप नाही, पाणी नाही. तो कॅन्सरच असेल का, यावर वाद आहे. उपचाराच्या जागी मात्र ‘नाही’ एवढंच.

गव्हाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. बाईने गहू आणि जवावर रोज लघवी करायची. जव उगवला तर मुलगा, गहू उगवला तर मुलगी, काहीच नाही तर गर्भ नाही. १९६३ साली कैरोत हे करून पाहिलं. गर्भवती बायकांच्या लघवीवर साधारण ७० टक्के वेळा धान्य रुजलं. मुलगा की मुलगी, ते मात्र कळलं नाही. फॉरवर्डने नेमकं तेच उचललंय.