बॉस्टनला मूकी बेट्स विकावाच लागला? आकडे तसं सांगत नाहीत

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या बेसबॉल चाहत्यांचा एकच विषय असतो: आपल्या संघाने कोणाला घ्यावं, कोणाला द्यावं. करार संपायला एकच वर्ष उरलेला एखादा मोठा खेळाडू चर्चेत आला, की बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा आणि मूकी बेट्सचा दाखला हमखास दिला जातो, आणि त्याच्याबरोबर एक ठरलेला युक्तिवादही येतो. बेट्स तसाही जाणारच होता. लक्झरी टॅक्समुळे, म्हणजे पगारांवर ठरावीक रकमेच्या वर खर्च केला की बसणाऱ्या करामुळे, क्लबचे हात बांधलेले होते. फुकट जाण्यापेक्षा तीन तरुण खेळाडू पदरात पडले हे चांगलंच झालं. आणि वाचलेल्या पैशातून संघ पुन्हा उभा राहिला. ही चारही विधानं इतक्या वेळा फिरली आहेत की आता ती वस्तुस्थिती म्हणून सांगितली जातात. म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

आधी सौदा काय होता ते. १० फेब्रुवारी २०२० रोजी बॉस्टनने मूकी बेट्स आणि डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) डेव्हिड प्राइस यांना लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं. प्राइसच्या कराराचे तीन वर्षांचे ९.६ कोटी डॉलर उरले होते. त्यातले निम्मे, म्हणजे ४.८ कोटी, बॉस्टनने स्वतः भरायचं कबूल केलं. बदल्यात आले आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) ॲलेक्स व्हर्डुगो, इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) जीटर डाउन्स आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा) कॉनर वाँग. बेट्स तेव्हा २७ वर्षांचा होता. दोनच हंगामांपूर्वी, २०१८ मध्ये, .३४६ सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३४६ हिट), ३२ होमरन आणि ३० चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले) या कामगिरीवर तो दोन लीगांपैकी अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू, झाला होता आणि बॉस्टनने वर्ल्ड सीरिज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली होती.

‘तो जाणारच होता’

हे खरं असतं तर तो २०२० संपेपर्यंत थांबला असता आणि खुल्या बाजारात उतरला असता. प्रत्यक्षात सौद्यानंतर साडेपाच महिन्यांत, डॉजर्ससाठी एकही अधिकृत सामना खेळण्याआधी, जुलै २०२० मध्ये त्याने १२ वर्षं आणि ३६.५ कोटी डॉलरच्या करारावर सही केली. त्याआधी बॉस्टनने १० वर्षांसाठी ३० कोटी देऊ केले होते आणि त्याच्या बाजूने १२ वर्षांसाठी ४२ कोटी मागितले होते, असं तेव्हा वृत्तपत्रांत आलं होतं. म्हणजे अंतिम आकडा त्या दोन टोकांच्या जवळजवळ मध्यावर आला. शिवाय त्यातले ११.५ कोटी डॉलर नंतर द्यायचे असल्याने आजच्या किमतीत करार आणखी स्वस्त पडतो.

यावर उत्तर येतं की कोविडमुळे बाजार गोठला, म्हणून त्याने सही केली. यात तथ्य आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण त्यातून इतकंच सिद्ध होतं की योग्य आकडा समोर आला तर तो फ्री एजन्सी (करार संपल्यावर कुठल्याही संघाशी बोलणी करण्याची मोकळीक) सोडायला तयार होता. दर वर्षी पगार ठरवणाऱ्या लवादाच्या टप्प्यावर तो आपली पूर्ण किंमत मागत असे. २०१८ मध्ये तर सुनावणीपर्यंत जाऊन त्याने १.०५ कोटी मिळवले. बाजारभाव मागणं वेगळं आणि गाव सोडून जायचं ठरवणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत करूनच हा दावा उभा राहिला आहे.

‘टॅक्समुळे इलाज नव्हता’

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. आयपीएलसारखी पगाराची पक्की मर्यादा बेसबॉलमध्ये नाही. एक उंबरठा असतो; तो ओलांडला तर वरच्या रकमेवर कर बसतो. २०२० साठी उंबरठा २०.८ कोटी डॉलर होता. पहिल्या वर्षी ओलांडला तर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के, तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के. उंबरठ्याच्या वर २ ते ४ कोटींच्या पट्ट्यात आणखी १२ टक्के अधिभार, आणि ४ कोटींच्या वर गेलं की अधिभार मोठा होतोच, शिवाय ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिली निवड १० जागा खाली सरकते. बॉस्टनने २०१८ मध्ये तीही शिक्षा भोगली होती: २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांची पहिली निवड ३३ वरून ४३ वर गेली. एक वर्ष उंबरठ्याखाली राहिलं की दर पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू होतो. २०१८ आणि २०१९ दोन्ही वर्षं बॉस्टन वर होतं, म्हणून २०२० मध्ये दर ५० टक्के लागणार होता.

आता आकडेमोड. समजा सगळे खेळाडू ठेवून संघ उंबरठ्याच्या ३ कोटी वर गेला असता. पहिल्या २ कोटींवर ५० टक्के म्हणजे १ कोटी. पुढच्या १ कोटीवर ६२ टक्के म्हणजे ६२ लाख. एकूण कर १ कोटी ६२ लाख डॉलर. महसूल वाटपातून मिळणाऱ्या परताव्यातलाही काही भाग जातो, तोही धरू. तरी हा खर्च बेसबॉलमधल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाला न पेलणारा नव्हता. उंबरठ्याखाली जायचं हा मालकांचा निर्णय होता. मालक जॉन हेन्री यांनी सप्टेंबर २०१९ मध्येच ते उद्दिष्ट उघड बोलून दाखवलं होतं. आणि त्या बोलण्याचीच किंमत पुढे मोजावी लागली: विक्रेत्याला पगार कमी करायचा आहे हे गिऱ्हाइकाला आधीच कळलं की भाव पडतो.

बरं, दर पुन्हा २० टक्क्यांवर आणायचाच होता असं मानलं, तरी बेट्सला काढणं हा एकमेव रस्ता नव्हता. प्राइसचा निम्मा भार गेल्याने टॅक्सच्या हिशेबात वर्षाला सुमारे दीड कोटी सुटत होते. संघातलाच आउटफिल्डर जॅकी ब्रॅडली ज्युनिअर याचा त्या वर्षीचा पगार १.१ कोटी होता. दोन्ही मिळून २.६ कोटी. बेट्सचा पगार होता २.७ कोटी. म्हणजे बेट्सच्या जागी ब्रॅडली गेला असता तर वर धरलेल्या ३ कोटींतलं उरलेलं अंतर एखाददुसऱ्या छोट्या कराराचं होतं. प्राइसला बेट्सशिवाय खपवण्यासाठी एखादा होतकरू खेळाडू जोडावा लागला असता, हे कबूल. पण एमव्हीपी जोडण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं असतं.

‘एका वर्षाच्या खेळाडूला याहून जास्त मिळत नाही’

मिळतं की नाही ते दोन गोष्टींवर ठरतं: त्याच्यासोबत काय बांधलं आहे, आणि बदल्यात आपल्या संघाची कुठली भोकं बुजतात.

पहिली गोष्ट. त्या काळी फ्री एजंटच्या बाजारात एका वॉरची, म्हणजे बदली खेळाडूपेक्षा जास्त मिळवून दिलेल्या एका विजयाची, किंमत साधारण ८० ते ९० लाख डॉलर धरली जायची. ८५ लाख घेऊ. बेट्सकडून एका हंगामात ६ विजयांची अपेक्षा जपूनच म्हणावी लागेल. ६ गुणिले ८५ लाख म्हणजे ५.१ कोटी, पगार २.७ कोटी वजा केला की घेणाऱ्याला २.४ कोटींचा फायदा. तेवढ्या किमतीचे होतकरू खेळाडू मागायचा बॉस्टनला हक्क होता. आता प्राइस. २०१९ मध्ये मनगटाच्या दुखण्यामुळे त्याच्या जेमतेम १०७ इनिंग झाल्या होत्या, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात पडलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) ४.२८. तीन वर्षांत त्याच्याकडून ४ विजय धरले तर किंमत ३.४ कोटी, डॉजर्सला द्यायचे होते ४.८ कोटी. म्हणजे १.४ कोटींचा तोटा. २.४ मधून १.४ गेले, उरले १ कोटी. अंदाज थोडे इकडेतिकडे केले तरी चित्र तेच राहतं: प्राइसला गाठोड्यात बांधल्यामुळे बेट्सच्या बदल्यात जे येऊ शकलं असतं त्यातलं निम्म्याहून जास्त पगाराच्या सुटकेत खर्ची पडलं. ‘एका वर्षाच्या खेळाडूचा भाव हाच’ म्हणून जो आकडा दाखवला जातो तो बेट्सचा भाव नव्हताच, तो बेट्स वजा प्राइस असा होता.

दुसरी गोष्ट संघाची गरज. त्या हिवाळ्यात बॉस्टनची अडचण पिचिंगची होती. पिचर रिक पोर्सेलो मेट्स संघाकडे गेला होता, दुसरा पिचर ख्रिस सेल याचं कोपर २०१९ मध्येच कुरकुरत होतं (मार्च २०२० मध्ये त्याची टॉमी जॉन, म्हणजे कोपराच्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया झाली), आणि प्राइसला तर ते स्वतःच देत होते. अशा वेळी आलेल्या तिघांत एकही पिचर नाही. मूळ आराखड्यात होता: मिनेसोटासह तीन संघांच्या सौद्यात पिचर ब्रुस्डार ग्राटेरोल बॉस्टनला येणार होता. त्याचे वैद्यकीय अहवाल पाहून तो स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) म्हणून टिकणार नाही असं बॉस्टनला वाटलं आणि सौदा नव्याने बांधला गेला. ती शंका रास्त होती. तो पुढे रिलीव्हरच (स्टार्टरनंतर थोडा वेळ येणारा पिचर) झाला, तोही डॉजर्सकडे. पण त्याच्या जागी दुसरा पिचर न मागता डाउन्स आणि वाँग घेतले गेले. २०२० च्या ६० सामन्यांच्या हंगामात बॉस्टनचा संघाचा ईआरए ५.५८ होता आणि २४–३६ अशी कामगिरी करून संघ गटात तळाला राहिला. स्टार्टर एदुआर्दो रोद्रिगेझ हृदयाच्या आजाराने हंगामभर बाहेर राहील हे फेब्रुवारीत कोणालाच ठाऊक नव्हतं, त्याचा दोष सौद्याला देता येणार नाही. पण पहिल्या दिवशीच स्टार्टर कमी होते हे दिसत होतं.

याच्याशेजारी डिसेंबर २०२३ मधला हुआन सोटोचा सौदा ठेवून पाहा. परिस्थिती जवळजवळ तीच: एक वर्ष उरलेलं, ३.१ कोटींच्या घरातला पगार, खर्च कमी करू पाहणारा सॅन डिएगो पाद्रेस आणि घ्यायला उतावीळ यांकीज. पाद्रेसकडून ब्लेक स्नेल, सेथ लुगो, मायकल वाका हे तिघेही पिचर जाणार होते, म्हणून त्यांनी मागितलं ते पिचिंगच. सोटो आणि ट्रेंट ग्रिशमच्या बदल्यात मायकल किंग, ड्रू थोर्प, जॉनी ब्रिटो, रँडी वास्केझ आणि कॅचर काइल हिगाशिओका आले. किंगने २०२४ मध्ये १७३ हून जास्त इनिंग टाकल्या, ईआरए २.९५. थोर्पला तीन महिन्यांत पुढे देऊन पिचर डिलन सीस आणला. सोटोशिवाय पाद्रेसने ९३ सामने जिंकले. एका वर्षाच्या मोठ्या खेळाडूचं काय करता येतं ते इथे दिसतं, कारण त्यांनी त्याच्या गळ्यात कुठला महागडा करार अडकवला नाही आणि स्वतःच्या रिकाम्या जागा मोजून मागणी केली.

आता बॉस्टनच्या हाती आलेल्यांकडे. व्हर्डुगो चांगला खेळाडू होता, २०२० मध्ये .३०८, पुढच्या वर्षी .२८९. मात्र तो पाठीतल्या स्ट्रेस फ्रॅक्चरसह आला होता. डाउन्सला २०२१ मध्ये ट्रिपल-ए (मुख्य स्पर्धेच्या लगेच खालच्या) स्तरावर .१९० च्या पुढे जाता आलं नाही. २०२२ मध्ये तो बॉस्टनकडून १४ सामने खेळला: ३९ वेळा बॅट घेऊन ६ हिट, २१ स्ट्राइकआउट. डिसेंबरमध्ये त्याला सोडून दिलं. वाँग कामाचा कॅचर निघाला, २०२४ मध्ये .२८० आणि १३ होमरन. बेट्सने मात्र डॉजर्ससोबत २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सीरिज जिंकल्या.

‘वाचलेल्या पैशातून संघ उभा राहिला’

२०२१ मध्ये ९२ विजय आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत मजल, हे श्रेय त्या संघाला द्यायलाच हवं. पण २०२२ आणि २०२३ दोन्ही वर्षी ७८–८४ आणि तळाची जागा. आणि २०२२ मध्ये जे झालं त्याने या मुद्द्यातली हवाच जाते: ज्या उंबरठ्यासाठी बेट्स दिला तोच बॉस्टनने अगदी थोडक्याने ओलांडला. कर बसला जेमतेम १२ लाख डॉलर. खरा फटका दुसरीकडे होता. क्वालिफाइंग ऑफर (क्लबने देऊ केलेला एका वर्षाचा ठरावीक रकमेचा करार) नाकारून खेळाडू गेला की क्लबला भरपाई म्हणून ड्राफ्टची निवड मिळते. बॉस्टनसारखा क्लब उंबरठ्याखाली असेल तर ती तिसऱ्या फेरीच्या आधी, वर असेल तर थेट चौथ्या फेरीनंतर. संघातले झँडर बोगार्ट्स आणि नेथन इओवाल्डी त्याच हिवाळ्यात तसे गेले आणि बॉस्टनच्या भरपाईच्या निवडी १३२ आणि १३३ क्रमांकावर पडल्या, सुमारे साठ जागा खाली. १३२ वर क्रिस्टियन कॅम्पबेलसारखा खेळाडू हाती लागला, हे त्यांच्या निरीक्षकांचं यश आहे. उशिरा निवड मिळणं त्यामुळे फायद्याचं ठरत नाही.

अलीकडे एक पाचवा मुद्दा जोडला जातो, सौद्याच्या ‘वंशवेली’चा. डिसेंबर २०२३ मध्ये व्हर्डुगो यांकीजकडे गेला आणि ग्रेग वायसर्ट, रिचर्ड फिट्स, निकोलस ज्युडिस हे पिचर आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिट्स सेंट लुईसला गेला आणि पिचर सनी ग्रे आला. म्हणजे बेट्सच्या बदल्यात शेवटी ग्रे मिळाला, असा जोड लावतात. पण फिट्ससोबत होतकरू पिचर ब्रँडन क्लार्कही द्यावा लागला, आणि तो बेट्सच्या सौद्यातून आलेला नव्हता. प्रत्येक पायरीवर क्लब नवी किंमत मोजतो, नवी जोखीम उचलतो. ग्रे बॉस्टनला आला तेव्हा ३६ वर्षांचा होता. बेट्सने २०२० च्या जुलैमध्ये केलेला करार २०३२ पर्यंत चालणार आहे.